वाढत्या अंगाचा फ्रॉक

गुरुवार, ता. ९ एप्रिल, सकाळ

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. गुडघा त्याच्या मर्जीनं चालतो, मी त्याच्या मागून. तुमच्याकडची खुशाली कुणी कळवत नाही, तेव्हा ती आहे असं धरून चालतो.

आज उठल्यापासून कानात एक आवाज आहे. खस्स-खस्स-खस्स. तू चारपाच वर्षांची असशील. तुझ्या आईनं तुला पिवळा फ्रॉक शिवला होता, घोट्यापर्यंत, कडक खळ घातलेला. तू बोळात गिरक्या घ्यायचीस आणि त्याचा घेर फरशी झाडत जायचा. दुकानातून दमून यावं, जिन्यात पाय ठेवावा, तर तू दिसायच्या आधी हा आवाज यायचा. त्यावर मी दोन ओळीही जुळवल्या होत्या, शाळेतल्या कवितेच्या चालीवर:

घेर घेऊनी फिर ग पोरी, फिर तू गरगरा,
वारा म्हणतो, थांब जराशी, दम घेऊ दे जरा!

तू म्हणशील, झालं बाबांचं सुरू. होय, झालं सुरू. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि चौथ्याला तू 'ठेवते' म्हणतेस. म्हणून पत्र. हेही तू अर्ध्यावर ठेवून देशील, पण निदान माझं तरी बोलून झालेलं असेल.

इकडची बातमी म्हणजे स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे. प्लंबर 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. शेजारचे ड्रायव्हरकाका तिन्हीसांजेला विचारतात, "नात दिसत नाही हल्ली?" मी सांगतो, परीक्षा आहे. परीक्षा संपून गेली हे त्यांनाही कळतं, पण माणूस भला आहे. भिंगरीची निळी चप्पल अजून दाराशी आहे. एकच. दुसरी कुठं गेली कोण जाणे. टाकवत नाही आणि बघवतही नाही.

पाळणाघर म्हणे! नऊ वर्षांची पोर, आणि दुपटी वाळत घातलेल्या खोलीत बसून गृहपाठ करते. का? तर आजोबांचा भरवसा नाही. ठकू, तू माझ्यावर रागाव, चार दिवस अबोला धर, पण शाळेतून थेट आजोबांकडं येणाऱ्या पोरीची वाट तू बदललीस, हे मला गिळवत नाही.

झालं ते तुला सगळं ठाऊक आहे. तरी माझ्या बाजूनं एकदा लिहितो.

भिंगरीच्या नाचाच्या स्पर्धेचा तो पोशाख कुरिअरनं आला तेव्हा पिशवी इतकी हलकी होती की मला वाटलं रुमाल मागवलेत. उघडून बघतो तर वीतभर चमचम वर आणि वीतभर खाली. मी म्हटलं, "ह्यात कपडा कुठाय?"

तू म्हणालीस, "बाबा, सुरू करू नका. क्लासच्या मॅडमनी सगळ्या मुलींना तोच सांगितलाय. खांद्याची पट्टी सैल आहे, तेवढी आईच्या मशीनवर घट्ट करून द्या."

मी लहान मुलांच्या कपड्यांच्या काउंटरवर उभा जन्म काढला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. रडणारं पोर असलं की कविता म्हणत म्हणत माप घ्यायचं, ही माझी खुबी. तुला घेऊन मोठ्या दुकानात गेलो होतो ना, भिंगरीच्या वाढदिवसाला? सगळ्या रांगा हिंडलो. बाळांची झबली झाली की पुढं थेट बायकांचे कपडे, आटवून लहान केलेले. पाठ उघडी, खांदा उघडा, छातीवर काहीतरी चावट लिहिलेलं. मी तिथल्या पोरीला विचारलं, "ह्या दोन्हींच्या मधली मुलगी गेली कुठं?" ती म्हणाली, "आजोबा, ह्या वयाला हेच येतं. आणि हेच खपतं." मला इतकी चीड आली की मी पाय आपटत बाहेर येऊन बाकावर बसलो. तू मात्र आतून दोन पिशव्या भरून आणल्यास.

मग एक दिवस तुझ्या स्वयंपाकघरात ठिणगी पडली. मी म्हटलं, आईबाप कशाला असतात? मॅडमनी ठरवायचं, दुकानानं ठरवायचं, मग तुम्ही फक्त पैसे भरायचे का? आणखीही पुष्कळ म्हटलं. आमच्या वेळी मुली कशा होत्या, कवितांतल्या मुली कशा झोक्यावर बसायच्या, फुलपाखरामागं धावायच्या. जावईबापू फोनमध्ये मान घालून होते. तू त्यांना विचारलंस, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "बघू." लग्नापासून तो गृहस्थ नुसता बघतोच आहे.

आणि तू लाटणं ठेवून माझ्याकडं वळलीस. तुझे शब्द अजून टोचतात, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

"बाबा, तुम्ही कवितेतल्या मुलीला कपडे घालता, घरातल्या नाही. मुलांच्या कपड्यांच्या दुकानात तुम्ही, आणि माझा एक कपडा मला घातला त्या दिवशी बसला नाही. वाढत्या अंगाचं घ्या, वाढत्या अंगाचं घ्या! बसायला लागायचा तोवर विटलेला असायचा. आणि तो तुमचा पिवळा फ्रॉक! खस्स-खस्स कसलं? पायात यायचा तो. ही हनुवटीवरची खूण बघा. माझी मुलगी आज जे बसतं ते आज घालणार."

मी इतकी वर्षं समजत होतो की ती खूण जिन्यावरून पडल्याची आहे.

वर्मी लागलं की माणूस हट्टाला पेटतो. पोशाख घेऊन घरी आलो, पट्टी घट्ट केली आणि वरच्या-खालच्या तुकड्यांच्या मधे अंगाच्या रंगाचं सुती अस्तर जोडून टाकलं. लांबून कळणारही नाही असं. निदान मला तसं वाटलं.

आता हसू नकोस. सगळा जन्म कापडात घालवलेल्या माणसानं ताणणाऱ्या कापडाला न ताणणारं सुती अस्तर जोडलं. तुझी आई असती तर फूटपट्टीच घातली असती पाठीत. विकणं वेगळं नि शिवणं वेगळं, हे ती मला आयुष्यभर सांगत होती.

नाचात ती मागं कमान टाकायची असते हे मला कुठं माहीत! गाणं रंगात आलं, सहाही मुली मागं वाकल्या, आणि टर्रर्र. माझी शपथ, मला तो आवाज शेवटच्या रांगेत ऐकू आला. अस्तर एका बाजूनं सुटून शेपटीसारखं लोंबलं. लोक हसले. वाईट मनानं नसतील हसले, पण हसले. भिंगरीनं ते मुठीत धरलं आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. बाकीच्या तिच्याभोवती नाचत होत्या. पळाली असती तर मला सोपं गेलं असतं.

पडद्यामागं तू म्हणालीस, "तिची लाज झाकायला निघालात आणि भर मंचावर काढलीत!" सगळ्या आयांसमोर. मॅडम म्हणाल्या, "घरच्यांनी कॉस्च्यूमला हात लावायचा नसतो." ती बाई बरोबर बोलली, म्हणून तर जास्त झोंबलं.

तरी ग्रुप पुढच्या फेरीत गेला, असं ड्रायव्हरकाकांच्या सुनेकडून कळलं. येत्या रविवारी अंतिम. तू अस्तर उसवून पोशाख पुन्हा होता तसा केलास, हेही कळलं.

एवढं लिहून चहा करून आलो. चहा पिऊन झाला, कप धुऊन झाला, नळाखाली बादलीही बदलून झाली. आता बसतो आणि लिहितो.

त्या भांडणाच्या आधीच, पट्टीचं माप घ्यायला मी भिंगरीला स्टुलावर उभं केलं होतं, इथंच, खिडकीजवळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पंखा गरम हवा ढवळत होता. पोरीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले. मी म्हटलं, "हात काढ गं, माप कसं घेऊ?"

ती म्हणाली, "आजोबा, मला पोटाला थंडी वाजते."

मी हसलो. "ह्या उन्हात?"

"इथं नाही. तिथं. सगळे बघतात तेव्हा."

मी म्हटलं, "मग आईला सांग."

"नको. आईला लहानपणी असले कपडे कधी मिळालेच नाहीत. तिला मी ह्यात फार आवडते. तुम्ही पण सांगू नका. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. आणि ती पाळली, हे माझं शहाणपण! तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मी तुला अख्खं पाठ्यपुस्तक ऐकवलं, पोरीचं हे एक वाक्य तेवढं ऐकवलं नाही. तू भांडत होतीस तुझ्या लहानपणाशी, मी भांडत होतो माझ्या जमान्यासाठी, आणि जिच्या अंगावर तो कपडा चढायचा होता ती बाहेरच्या खोलीत रंगपेटी घेऊन बसली होती. ना तू तिला विचारलंस, ना मी तुला सांगितलं.

का नाही सांगितलं? शपथ होती, हे निम्मं. उरलेलं निम्मं असं की मला जरा बरं वाटलं होतं, ठकू. ती तुझ्याकडं न जाता माझ्याकडं आली, ह्याचं. म्हाताऱ्याला कुणी काही गुपित सांगत नाही गं. मिळालं ते मी पुरचुंडीत बांधून ठेवलं, आणि मायलेकींना समोरासमोर बसवायचं सोडून सुई हातात घेतली.

आज शपथ मोडतो. पोर मला माफ करेल न करेल.

मी तिला गोणपाटात शिवून ठेवायला निघालेलो नाही. नाचू दे, चमकू दे. गुडघ्याच्या वरचं घालू दे, तिला त्यात मोकळं वाटत असेल तर. पण रविवारच्या आधी तिला विचार. क्लासमध्ये नको, आरशासमोर तर मुळीच नको. तिथं ती तुझा चेहरा बघून उत्तर देईल. वेणी घालताना विचार, पाठमोरी असताना. तूही तेव्हाच खरं बोलायचीस.

आणि जावईबापूंनाही सांग, की बाप हा नुसता 'बघू' म्हणण्यापुरता

बेल वाजली. प्लंबर असेल. थांब.

प्लंबर नव्हता.

पुढचं घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर जावईबापूंना विचार. होय, तेच आले आहेत. एकटे, कामावरून मधेच, हेल्मेट अजून डोक्यावर. लग्नानंतर तुझ्याशिवाय ह्या घरात पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. हातात तीच हलकी पिशवी.

दारातच म्हणाले, "बाबा, ह्याला मधे काही लावता येईल का? ताणणारं."

मी विचारलं, "का?"

"शाळेत सोडताना म्हणाली. गाडीवर, मागं बसून. म्हणाली, बाबा, तिथं मला पोटाला थंडी वाजते. मी गाडी बाजूला घेतली." एवढं बोलून ते बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडवत राहिले. तो सुटेना.

"ठकूला सांगितलंत?"

"बघू... म्हणजे, गुपचूप लावून टाकलं तर? तिला कळणारही नाही."

ठकू, माझा हात पिशवीकडं गेला होता. खोटं कशाला बोलू! मग तो टर्रर्र आवाज कानात आला आणि मी हात मागं घेतला. म्हटलं, "जावईबापू, हा उद्योग मी करून बसलोय. दुसऱ्यांदा नाही करायचा."

ते आता स्वयंपाकघरात गळक्या नळाशी झटत आहेत आणि मी हे संपवतो आहे. पिशवी आणि पत्र, दोन्ही त्यांच्या हाती देतो. पत्र तुला वाचायला देण्याआधी तोंडानं सांगा, असं बजावलं आहे. 'हो' म्हणाले. 'बघू' नाही.

तुला पटलं तर तिघं मिळून या. कापड मी आणीन, ताणणारं, दुकानातल्या पोरीला दहादा विचारून. माप तू घे. वाढत्या अंगाचं नको, आजचं घे. नाही पटलं तर तसंही येऊन सांग, पण भिंगरीच्या देखत सांग.

सुईत दोरा ओवायलाही कुणीतरी लागेलच. मला हल्ली नेढं दिसत नाही. मागच्या वेळी तो भिंगरीनं ओवून दिला होता.

तुझा,
बाबा