मामाचा प्रयोग चुकतो

४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही, पण दर रविवारी सकाळी तू आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर येतोसच, त्यामुळे तब्येत बरी आहे एवढं कळतं. परवा जरा वाळलेला वाटलास. की तो पट्ट्यापट्ट्यांचा सदरा तसं दाखवतो?

लिहायचं कारण तुझी लाडकी भाची, मुंगी. तुझा प्रयोगांचा कार्यक्रम संपला की आमच्याकडे दुसरा सुरू होतो आणि तो आवरेपर्यंत माझी दुपार जाते. तू जांभळ्या कोबीच्या पाण्याचे रंग बदललेस. मुंगीने यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीचा बदलला.  हे बाही दुमडून तोच सदरा घालून छापखान्यात गेले, आणि तिथे शाईचा डाग म्हणून खपून गेला. शेजारच्या काकू मात्र बोलल्या. जिन्यात व्हिनेगरचा वास येतो म्हणाल्या, आणि तो येतोच.

चेष्टा सोड, मला खरंच विचारायचं आहे. मी दिवसभर बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. आमच्यातही यावरून दोन तट आहेत. एक बाई म्हणते, असले कार्यक्रम मुलांना दाखवूच नयेत, नसते उद्योग सुचतात. दुसरी म्हणते, कार्टूनपुढे तोंड उघडं टाकून बसण्यापेक्षा बरं. मी गप्प राहते, कारण कार्यक्रम माझ्या भावाचा. पण तू शाळेत शिकवायचास तेव्हा पोरं तुझ्या डोळ्यांसमोर असायची. आता ती आमच्या स्वयंपाकघरात असतात आणि तू काचेच्या पलीकडे. हे तुला कधी खटकत नाही?

सावकाश, पण उत्तर लिही. लोभ आहेच, पत्र आलं तर वाढेल.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
ढब्बूचा वाकून नमस्कार. वि. वि.

दाजींच्या बाहीबद्दल माफी मागतो आणि तो डाग लिंबानं जातो का ते कळवतो. सदरा माझा नाही, स्टुडिओचा आहे. माझ्याआधी तो हवामान सांगणारा घालायचा.

खटकतं का, तर नाही. शाळेत माझ्यासमोर चाळीस मुलं होती आणि एक परीक्षानळी. ती कुणाला हातात मिळायची नाही. आता कुठल्या तरी घरात एक मुलगी उठून कोबी चिरते, यापेक्षा मला काय हवं? तुमच्यातली ती बाई म्हणते नसते उद्योग, मी म्हणतो असलेच उद्योग हवेत. मुंगी बाही रंगवते म्हणजे माझं काम चाललंय.

हां, दिसतं तेवढं सोपं नसतं हे खरं. दिव्यांच्या उष्णतेनं मेण वितळतं, गोंद सुटतो, मी घामानं निथळतो. जे फसतं ते आमच्या दिग्दर्शिकाबाई कापून टाकतात. त्यांचं म्हणणं, मुलांना जादू हवी असते, तालीम नको. प्रयोग करताना डोळे जपायला घालतो तो जाड काचांचा चष्माही त्यांनी काढायला लावला, चेहरा झाकतो म्हणून. माझा चेहरा झाकला तर बिघडलं काय, असं मी म्हटलं, पण कुणी हसलं नाही.

येत्या रविवारी मुंगीला जवळ बसव. बाटलीत सोडा आणि व्हिनेगर, वर बूच, आणि बूच थेट छतापर्यंत. तिला आवडेल.

दाजींना नमस्कार. राग निवळला असेल तर लोभ पूर्वीइतकाच ठेव.

ढब्बू

२० फेब्रुवारी

ढब्बू,

मुंगी इस्पितळात आहे. काल शाळेतून आल्यावर तिने तुझा बाटलीचा प्रयोग केला. मी डेपोत होते, हे छापखान्यात. बूच सापडलं नाही म्हणून तिने आट्यांचं झाकण घट्ट फिरवून लावलं, आणि काही होईना म्हणून वाकून बघायला गेली. झाकण उजव्या डोळ्यावर बसलं. काकूंनी आवाज ऐकला आणि रिक्षात घालून तिला इथे आणलं. माझ्याआधी त्या पोचल्या होत्या.

डोळ्याच्या आतल्या पडद्यापुढे रक्त साचलं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. डोकं उंच ठेवून निजायचं, हलायचं नाही, वाचायचं नाही. दृष्टीचं आज काही सांगता येत नाही म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

टीव्ही मी काकूंकडे नेऊन ठेवला आहे. तू येऊ नकोस. तुला बघून मी काय बोलेन ते मला सांगता येत नाही.

ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून आलो नाही, नाहीतर पत्र मिळालं तेव्हाच निघालो होतो. पिशवी अजून दाराशी आहे.

मी स्टुडिओत जाऊन तो भाग पुन्हा पाहिला. ताई, चित्रीकरणात मी सांगितलं होतं की बूच सैल हवं, झाकण कधीही नको, तोंड लांब ठेवा, मोठं माणूस जवळ असू द्या. ते सगळं वेळेत बसेना म्हणून कापलं गेलं. उरलं काय, तर मी हसतोय आणि बूच उडतंय. मी तो भाग प्रक्षेपणाआधी बघायला हवा होता. बघितला नाही. त्या दिवशी मला गर्दीत लोकांनी ओळखलं होतं आणि मी त्याच गुंगीत होतो.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस ते मी थट्टेवारी नेलं. आज सकाळी दिग्दर्शिकाबाईंना सांगितलं की मी कार्यक्रम सोडतोय. असले कार्यक्रम मुलांसाठी नसावेतच, या मतावर मी आलो आहे. शाळेत परत घेतात का ते विचारून ठेवलंय.

मुंगीच्या डोळ्याचं काय ते एका ओळीत तरी कळव. बाकी मागायला तोंड नाही.

ढब्बू

६ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद. वि. वि.

आधी चांगलं सांगते. रक्त ओसरलं. काल डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढून भिंतीवरच्या तक्त्यापुढे बसवलं आणि मुंगीने अगदी खालची, मुंग्यांएवढी ओळ वाचली. आमच्या यांना माणसांदेखत रडू आलं, ते खिडकीशी जाऊन बाहेरची वाहनं बघत उभे राहिले. डोळा वर्षानुवर्षं अधूनमधून तपासायला हवा, पण दृष्टी शाबूत आहे. आम्हाला घरी येऊन पाच दिवस झाले.

आता दुसरं. पोरगी बोलत नाही. म्हणजे जेव म्हटलं की जेवते, नीज म्हटलं की निजते. कुकरची शिट्टी वाजली की खोलीबाहेर जाते. मी साबणाचे फुगे करून दाखवले, तिने बघितले आणि मला हात धुवायला टॉवेल आणून दिला. एकही प्रश्न नाही. ढब्बू, हिच्या प्रश्नांनी मी कावून गेले होते रे. आता घर इतकं शांत असतं की मला घड्याळाचा राग येतो.

काल रात्रीच्या जेवणात कळलं. तुझ्या नोकरीबद्दल आम्ही बोललो ते तिने इस्पितळात पडल्यापडल्या ऐकलं होतं. तिने बाबांना तेवढं एकच विचारलं की मामाला माझ्यामुळे काढलं का. यांनी नाही म्हटलं, तिला पटलं नाही.

मी तुझ्यावर रागावले, अजूनही थोडी आहे, मोठ्या बहिणीला तेवढं शोभतं. पण हे ओझं तिच्या डोक्यावर नको. तू तिला लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही. काकूंकडून टीव्ही मी परत आणला आहे, फक्त लावलेला नाही.

ताईचा जीव तुझ्यात आहे, तेवढं धरून राहा.

ताई

९ मार्च

चि. मुंगीबाईंस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मला तुझ्यामुळे कुणी काढलं नाही. मी माझ्यामुळे निघालो. का, ते सांगतो, कारण तुला ते कळण्याइतकी तू मोठी आहेस.

टीव्हीवर तू जे बूच उडताना पाहिलंस ते कितवं तरी होतं. पहिलं बूच उडालंच नाही, नुसता फेस ओघळला आणि माझ्या बुटात गेला. नंतरचं एक तिरकं गेलं आणि दिवा फुटला. कॅमेरावाले काका टेबलाखाली बसून राहिले, चहा आला तेव्हा बाहेर आले. हे तुला कुणी दाखवलं नाही. आम्ही चुकलेलं सगळं कापलं आणि बरोबर आलेलं तेवढं दाखवलं. म्हणून तुला वाटलं की असं करायचं आणि असंच होतं. ती चूक तुझी नव्हती.

झाकणाचं सांगतो. सोडा आणि व्हिनेगर मिळून वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. सैल बूच लवकर सुटतं, जोर कमी असतो. घट्ट झाकण सुटत नाही, जोर आत साठत जातो. तू वाकलीस तेव्हा तो पुरता साठला होता. घट्ट झाकण लावून हा प्रयोग कुणीच करू नये, मीसुद्धा नाही. आणि मोठं माणूस शेजारी नसताना कुठलाच नाही.

तुला माझा राग आला असेल तर तोही लिही. मला तुझं पत्र हवं आहे, पण डोळा दुखेपर्यंत लिहू नकोस.

तुझा मामा

१४ मार्च

ती. मामास,
मुंगीचा सा. न. हे कसं लिहायचं ते आईने सांगितलं.

हे पत्र बाबा लिहीत आहेत, मी सांगते आहे. डोळा दुखत नाही, पण आई थोडंच लिहू देते. (कंसातलं माझं आहे, मी नुसता लेखनिक. दाजी.)

तुझा बूट ओला झाला ते वाचून मला खूप हसू आलं. ते का नाही दाखवलंत? मला वाटायचं तुझं कधीच चुकत नाही आणि माझंच चुकतं. माझा कोबीसुद्धा पहिल्यांदा चुकला होता. मी आईला सांगितलं नाही. (आता कळलं. डाग त्या दिवशीचा.)

इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तीही तुझा कार्यक्रम बघते. ती म्हणाली, तुझा मामा सगळं कंप्युटरने करतो. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग त्याचं फसत कसं नाही. 

एक विचारायचं होतं, कधीचं राहून गेलं. तू एकदा बशीत पाणी घालून पेटती मेणबत्ती ठेवलीस आणि वर पेला पालथा घातलास. पाणी पेल्यात चढलं. तू म्हणालास, ज्योतीने आतला प्राणवायू संपवला, त्याच्या जागी पाणी आलं. पण मी बघितलं, ज्योत जळत होती तोवर पाणी फारसं चढलंच नाही. विझल्यावर भरकन चढलं. मग प्राणवायू संपल्यामुळे कसं?

तू टीव्हीवर नसलास तर हे मी कोणाला विचारू? शाळेत बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या पुस्तकात आहे तसं लिही.

मला तुझा राग थोडा आला होता. आता गेला. (पत्र सांगून झाल्यापासून ती मला दर मिनिटाला काहीतरी विचारते आहे. तिची आई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकते आहे आणि आमटी करपली आहे.)

मुंगी

२८ एप्रिल

चि. ढब्बूस,
ताईचे आशीर्वाद, या खेपेला हात न राखता. वि. वि.

तू लिहिलं होतंस की मुंगीचं पत्र तू दिग्दर्शिकाबाईंना वाचून दाखवलंस आणि परत येतो, पण चुकलेलं कापायचं नाही, असं सांगितलंस, त्या आधी नाही म्हणाल्या, मग पत्र मागून घेऊन घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या की चुकलेलं दाखवायचं असेल तर नीट चुका. बाईंबद्दलचं माझं मत त्या एका वाक्यावर बदललं. त्यांनाही मूल आहे का रे? असेल.

काल आम्ही सगळ्यांनी बघितलं. काकूही येऊन बसल्या. तू सुरुवातीलाच तो जाड चष्मा घातलास आणि म्हणालास की घरात मोठं माणूस शेजारी नसेल तर आज फक्त बघा. शेजारी स्टूल टाकून कॅमेरावाल्यांच्या आईंना बसवलं होतंस. त्या इतक्या संशयाने तुझ्याकडे बघत होत्या की मला घरच्यासारखं वाटलं.

मग मेणबत्ती. पहिली विझली, दुसरीच्या वेळी पेला कलंडला, आणि बाईंनी काही कापलं नाही. काकू म्हणाल्या, याला येत नाही वाटतं. मुंगी म्हणाली, श्शू. आणि मग तू म्हणालास की मी इतकी वर्षं मुलांना याचं जे कारण सांगत आलो ते एका मुलीने तपासून बघितलं आणि ते तिला पटलं नाही, आता मलाही पटत नाही. तिचं नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस. पण ती कानापर्यंत लाल झाली.

मला वाटलं होतं की ती कुकरच्या शिट्टीला उठते तशी उठून जाईल. उठली. स्वयंपाकघरात गेली, बशी घेऊन आली, आणि दारात उभं राहून मला विचारलं की आई, तू मोकळी आहेस का. माझे हात पिठात होते, दुपारची पाळी होती, डेपोची गाडी चुकणार होती. मी हात धुतले.

तुला मी विचारलं होतं की हे मुलांसाठी योग्य आहे का. उत्तर मला अजून पुरतं ठाऊक नाही. एवढं कळलं की पोर एकटी टीव्हीपुढे असेल तर नाही, आणि आपण शेजारी जमिनीवर बसलो तर बहुतेक हो. यांचे छापखान्यातले डोळे जपायचे दोन चष्मे आम्ही घातले. मुंगीच्या नाकावरून तो सारखा घसरत होता. माचीस मी ओढली. तिने आधी एक मेणबत्ती लावली आणि पेल्यावर पाणी कुठवर आलं तिथे पेन्सिलीने खूण केली. मग म्हणाली, आई, दोन लावू. पेला तोच, आतली हवा तेवढीच, तेव्हा प्राणवायूही तेवढाच; मग पाणीही तेवढंच चढायला हवं.

दोन लावल्या. पाणी खुणेच्या बरंच वर गेलं.

मुंगीने तिथे दुसरी खूण केली. काकूंनी तीन लावून बघा म्हटलं. माझी गाडी गेली, आणि डेपोत मी पहिल्यांदाच उशिरा पोचले.

तुला कारण कळलं असेल, तर इतक्यात लिहू नकोस. आम्ही अजून शोधतो आहोत. सुट्टी मिळाली की मात्र ये, आणि दाराशी ठेवलेली ती पिशवी घेऊन ये. यांना नवा सदराही लागणार आहे.

आमच्या सगळ्यांचा लोभ तुझ्यापाशी आहे, नीट वापर.

ताई