ओलीबद्दल त्या बाईंना

अहो,

"कपाट त्या भिंतीपासून तसूभरही हलवू नकोस," असं तुम्ही काल बजावलंत, आणि मी हलवलं नाही. पण आज घर बघायला आलेल्या बाईंनी नेमकं मलाच विचारलं, "भिंतीला ओल येते का हो?" माझं सकाळचं मौनव्रत अजून सुटायचं होतं, म्हणून मी हातानेच खूण केली, की नंतर सांगते. तुम्ही लगेच म्हणालात, "बघा, नाही म्हणतेय ती!" बाईंनी विश्वासाने होकार देऊन टाकला.

मला कळतं, आपल्या रस्त्यावर विकाऊ घरांच्या पाट्याच पाट्या आहेत आणि घेणाऱ्याचे नखरे संपत नाहीत. कर्जाच्या व्याजावर करात किती सूट मिळते, हे तुम्ही त्यांना इतकं रंगवून सांगितलंत, की मलाच आपलं घर पुन्हा घ्यावंसं वाटलं. पण कपाटामागे ओल आहे, आणि त्यांचं बाळ त्याच खोलीत निजणार आहे. खरं कळल्यावर हे गिऱ्हाईकही गेलं, तर लेकीजवळ राहायला जाणं आणखी लांबेल. त्या दिवसाकडे मीही डोळे लावून बसले आहे. तरी माझं व्रत कुणाला फसवायच्या कामी आलेलं मला सोसायचं नाही.

तुम्हाला विचारून गेले असते, पण तुम्ही जाऊ दिलं नसतंत.

जेवण झाकून ठेवलं आहे. रागवायचं असेल तर जेवून, गोळी घेऊन मग रागवा. बाई कामाला निघायच्या आत त्यांना गाठते.

येते.