लेसचा हॉल आणि समोरचा कुंटणखाना

सिडनी, जानेवारी, अंगाची नुसती लाही

तीर्थरूप मर्लताईस,

धाकट्या ग्लेनिसचा नमस्कार, उभ्यानेच, कारण गुडघा वाकायला तयार नाही. तुझं ब्लडप्रेशर, तुझी कुत्री आणि तुझा जावई, तिघंही आटोक्यात असतील अशी आशा आहे. तुमच्या डब्बोला आमच्या सिडनीहून कडक ऊन असेल, तेव्हा दुपारी कोंबड्यांमागे धावत जाऊ नकोस.

पत्रास कारण की, आपल्या स्काउट हॉलसमोरचं टायरचं दुकान उठलं आणि तिथे कुंटणखाना काढायचा अर्ज पालिकेत आला. (परवान्याचा धंदा आहे, मान्य, पण परवान्याच्या धंद्यानेही दुसऱ्याच्या दारासमोर जावं असं प्रत्येकाला वाटतं.) मुलं जिथे जातात-येतात त्या जागेजवळ असला धंदा नको, असा पालिकेचा नियम. मी लगेच विरोध ठोकून दिला की आमचा हॉल मुलांनी गजबजलेला असतो. आता तुला ठाऊकच आहे, स्काउटची पोरं सांभाळणारा माझा लेस गेल्यापासून तिथे आम्ही म्हातारी मंडळी पत्ते कुटतो आणि सगळ्यांत लहान सभासद नेव्हिल, तो पंच्याहत्तरीचा. पण पालिकेने हॉल दिलाय तोच मुलांसाठी. मुलं नाहीत हे उघड झालं तर हॉलही जाणार. माझ्या नवऱ्याने स्वतः वर चढून घातलेलं छप्पर आहे ते, ताई. मी तरी काय करणार होते?

मग पालिकेचा ब्रेंडन नावाचा अधिकारी पाहणीला यायचं ठरलं. पोरं गोळा करायला मी अंगणात शेगडी मांडली. पावात सॉसेज आणि परतलेला कांदा म्हटलं की वास घेत येतातच. तारीखही मीच सुचवली होती. फक्त एवढं विसरले की जानेवारीत शाळेला सुट्टी असते आणि झाडून सगळी पोरं समुद्रावर असतात. दुपारभर चिटपाखरू फिरकलं नाही (एक मॅगपाय पक्षी सोडून, त्याने दोन सॉसेज लांबवली). शेवटी गळ्यात स्काउटचा रुमाल बांधून नेव्हिल पुढे झाला. ब्रेंडनने मुलं कुठे आहेत विचारलं, तर हा शांतपणे म्हणतो, "लपलीत. तेच तर शिकवतो आम्ही." धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

तेवढ्यात रस्ता ओलांडून रोझलिन आली. ही अर्ज करणारी बाई. तिचा धंदा मागच्याच गल्लीत बरीच वर्षं चालू आहे (आपल्याला पत्ता नव्हता, नेव्हिलला कसा होता ते मी विचारलं नाही), आणि ती जागा सोडावी लागतेय म्हणून तिला समोर यायचंय. इथे एकही पोर येत नाही, एवढं तिने म्हणायचाच अवकाश होता. तिला परवाना मिळाला असता आणि मला हॉलच्या किल्ल्या परत कराव्या लागल्या असत्या. तिने आधी सॉसेज खाल्लं, बोटं पुसली आणि ब्रेंडनला म्हणाली, "येतात की मुलं इथे. सोमवारपासून."

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "माझ्याकडच्या बायकांची पोरं आहेत हो. सुट्टीत कुठे ठेवायची त्यांनी?" ब्रेंडन लिहिता लिहिता थांबला होता. अर्जदारानेच विरोधकाचं म्हणणं खरं करून दिलेलं त्याने बहुधा पाहिलं नसावं.

सोमवारी खरंच आली. एका छोटीने आल्या आल्या विचारलं, इथे पळालं तर चालतं का. लेस गेल्यापासून त्या लाकडी जमिनीवर पळणाऱ्या पायांचा आवाज मी ऐकला नव्हता. कांदा चिरत होते म्हणून कुणाला कळलं नाही, पण मी रडले. नियमात बसावं म्हणून रोझलिन आता दार मागच्या बोळात काढणार आहे आणि पाटीही लावणार नाही. आपण विरोध मागे घेतला तर ब्रेंडन हो म्हणायला तयार आहे.

कुत्रीला कुरवाळ, जावयाला नको.

तुझी,
ग्लेनिस

ता. क. मुलांना गाठी मारायला शिकवायला दर आठवड्याला तू येतेस, असं मी विरोधाच्या अर्जात लिहून बसले आहे. तेव्हा ये. नेव्हिलने एकच गाठ शिकवली. ती त्याच्या दोन्ही बुटांना मिळून बसली आहे आणि अजून सुटत नाही.

पुन्हा ता. क. विरोध मागे घ्यायला तुझीही सही लागेल. नाहीतर धंदा जाईल, बायका जातील, त्यांच्यामागून पोरं आणि मग हॉल. त्या विरोधाच्या अर्जावर तुझी सही मीच केली होती, आणि ब्रेंडन सह्या जुळवून बघतो. तेव्हा या वेळी तुझी सही तूच कर, पण मी केली होती तशी.