न्यायाधीशबाईंची गाडी

आई,
आधी पाया पडतो, मग बाकीचं. मी धडधाकट आहे. हाताला जराशी काच लागली, टाके नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? दादा डॉक्टरकडे नेतो का, की नुसताच ‘उद्या’ म्हणतो?

बातम्यांत दाखवलेली फुटकी गाडी आमचीच. बाईंनी नव्या मुख्यमंत्र्यांचा एक हुकूम रोखला, तर ते सभेत म्हणाले, “जनतेनं मला निवडलंय, कोर्ट कोण अडवणारं?” दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या फाटकात जमावानं आम्हाला घेरलं. सगळ्यांत पुढे आमचा कोपऱ्यावरचा न्हावी. त्याचं दुकान सरकार पाडणार होतं, ते बाईंनीच निकाल देऊन वाचवलं होतं.

“लोकांपेक्षा मोठ्या समजता का स्वतःला?” तो ओरडला.

बाईंनी काच खाली केली. “नाही हो. पण तुमचं दुकानसुद्धा लोकांच्याच नावानं पाडत होते ना?”

तेवढ्यात मागून दगड आलाच.

बाई अजून रोज कोर्टात जातात, मी रोज नेतो. फार थकायला होतं गं. काल त्याच न्हाव्याकडे दाढीला गेलो. एरवी मला त्या खुर्चीत डुलकी लागते. काल वस्तरा गळ्यावरून फिरत होता तोवर मी डोळे मिटले नाहीत.

काळजी करू नकोस.

तुझा धाकटा