शिडीकडे तोंड करून

प्रिय भिंगरी,

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेले अकरा महिने मी तुला फोनवर थापा मारतोय. रोज संध्याकाळी खाली बागेत फिरून येतो, हे साफ खोटं. तिथल्या बाकड्यांना कुणीतरी भडक हिरवा फासलाय म्हणून मी रंगाऱ्याच्या तोऱ्यात नावं ठेवली ना, ती बाकडी मी खिडकीतून पाहिली होती. हॉस्पिटलातून दोघांनी खुर्चीत बसवून मला चौथ्या मजल्यावर आणून सोडलं, त्यानंतर मी एकदाही खाली उतरलेलो नाही. वाणी सामान वर पाठवतो. न्हावी महिन्यातून एकदा धापा टाकत येतो आणि जिन्याचा राग माझ्या डोक्यावर काढतो.

पाय बरा आहे गं. डॉक्टर केव्हाच म्हणाले, "हाड जुळलंय, आता पाऊल तुमचं तुम्हीच टाकायचं." पण दाराबाहेर येऊन खाली पाहिलं की बहात्तर पायऱ्या विहिरीसारख्या दिसायच्या आणि मी दार लावून घ्यायचो. चाळीस वर्षं तीन-तीन मजली भिंती रंगवणारा माणूस स्वतःच्याच जिन्याला भ्यायला, हे सांगणार कुणाला? तुला तर मुळीच नाही.

पडलो कसा, तेही तुला धड सांगितलं नाही. नुसतं तोल गेला म्हणालो. माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, शिडीला पाठ दाखवायची नाही. ज्या तोंडाने चढलास त्याच तोंडाने उतर. त्या दिवशी घरमालकिणीने खालून घाईची हाक मारली आणि मी शहाणा, हातात रंगाचा डबा घेऊन, जिना उतरावा तसा समोर बघत उतरायला लागलो. शिडीने लगेच हिशेब चुकता केला. लाज वाटली म्हणून बोललो नाही, एवढंच.

आता गंमत ऐक. तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या छताला पोपडा धरला. दोन दिवस दुर्लक्ष केलं, पण जित्याची खोड! घडीची शिडी उघडली, चढलो, पोपडा खरवडला, खाली उतरलो आणि हात धुवायला गेलो. नळ सोडल्यावर डोक्यात उजेड पडला. हा पाय शिडीवरून उतरला की! मग जिन्याचंच काय घोडं अडलंय? तसाच ओल्या हातांनी बाहेर गेलो. आपल्या जिन्याला दर नऊ पायऱ्यांनंतर वळणावर सपाट चौक आहे. म्हणजे ही बहात्तर पायऱ्यांची विहीर नव्हतीच, नऊ पायऱ्यांच्या आठ शिड्या होत्या. नऊ पायऱ्यांची शिडी मी दिवसातून चाळीस वेळा केलीय. पायऱ्यांकडे तोंड केलं, एक हात कठड्याला, दुसरा भिंतीला, दुखरा पाय आधी. डोळ्यांसमोर फक्त एक पायरी, तिच्या कडेला उडालेला टवका. विहीर पाठीमागे राहिली, दिसलीच नाही. चौकात पोचलो तेव्हा अंग घामाने भिजलं होतं, आणि खरं सांगतो, मी रडलो.

तेव्हापासून रोज सराव चालू आहे. चढायची भीती मला कधीच नव्हती. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारातच थबकल्या. "अहो रंगारी, पाठमोरे कुठे निघालात?" मी म्हटलं, "खाली. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून असा." हसल्या खूप, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या वेळेला दार उघडं ठेवून बसतात. काल सहावी शिडी झाली. दोन राहिल्यात. सहावीवर पाय थरथरला, दहा मिनिटं तिथेच बसलो. बसलो, पण परत फिरलो नाही.

बाईंनी काल आणखी एक गोष्ट सांगितली. तू त्यांना शपथ घातली होतीस म्हणे. त्यांनी ती मोडली, रागावू नकोस. मी उतरत नाही हे तुला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, आणि म्हणून त्या लांबच्या हॉस्पिटलातली मुख्य परिचारिकेची जागा तू नाकारणार आहेस. थापा मारण्यात तूही बापाचीच लेक. पंधरा वर्षं रात्रपाळ्या करून मिळवलेली जागा तू माझ्या जिन्यापायी सोडणार? हे मला मान्य नाही. म्हणून हे पत्र. फोनवर मी काहीही सांगेन, तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि तुझं बरोबरच आहे. पण बाईंच्या हाती हे मी देणार नाही. रस्त्यापलीकडे टपालपेटी आहे. उद्या सकाळी आठही शिड्या उतरून मी स्वतः ते तिच्यात टाकणार. उद्या नाही जमलं तर परवा, परवा नाही तर तेरवा. तोपर्यंत ते माझ्या खिशातच राहील. तेव्हा आत्ता तू हे वाचत असशील, तर तुझा बाप रस्त्यावर उभा राहून आलाय. त्या हॉस्पिटलला होकार कळव.

तुझाच,
बाबा