ठिणगीचं गॅरेज कोणाला

मी, खाली सही करणारी, नवऱ्याच्या माघारी हे गॅरेज चालवणारी वेल्डर, जिला सगळी गल्ली ‘ठिणगी’ म्हणते, असं लिहून ठेवते की माझी फुफ्फुसं गेली असली तरी डोकं जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालेल असा माणूस या घरात जन्मलाच नाही, हेच तर दुखणं आहे.

कलम १. माझ्या पश्चात राहतं घर धाकट्या मुलीला आणि गॅरेज थोरल्या मुलाला. वाटणी सरळ आहे. थोरला सरळ नाही, म्हणून पुढचं वाचावं.

कलम २. माझा वेल्डिंगचा चष्मा दिराला द्यावा. बाईच्या हातचा सांधा टिकत नाही, असं ते माझ्या लग्नापासून म्हणत आलेत. चष्मा लावून त्यांनी स्वतःच्याच गाडीखाली एकदा झोपून बघावं, तिथले सांधे कोणाच्या हातचे आहेत ते. शिल्लक पैसा औषधपाण्यात संपेल, त्यावर कोणी डोळा ठेवू नये.

कलम ३. हत्यारं गॅरेजबरोबर जातील. मोठा ग्राइंडर मात्र थोरल्याला मी जिवंतपणीच देऊन टाकलाय. केलेलं कापायला त्याला तो लागतो. का, ते सांगते.

एका टॅक्सीवाल्याची गाडी खड्ड्यांनी खिळखिळी झाली होती. बॉडी ताठ व्हावी म्हणून खालून, पुढच्या चासीपासून मागच्या चासीपर्यंत, दोन पोलादी पट्ट्या जोडायच्या होत्या. मी थोरल्याकडून हजारदा घोकून घेतलंय: गाडी रॅम्पवर घे, पण वजन चारही चाकांवरच हवं. रंग खरवडून पत्रा उघडा कर. आधी टाके मार, एक इकडे, एक तिकडे. दारं उघडून-लावून बघ. मगच पूर्ण वेल्डिंग. पट्टी गाडीला सरळ करत नाही बाबा, जशी असेल तशी कायमची धरून ठेवते.

या शहाण्याने काय केलं? रॅम्प ओढायचा कंटाळा, म्हणून गाडी लिफ्टवर मधोमध उचलली. चाकं लोंबकळतायत, इंजिनाच्या भाराने नाक खाली, आणि तशीच जोडून टाकली! पट्ट्यांबरोबर आलेला सूचनांचा कागद मला घडीसुद्धा न मोडलेला कचऱ्यात सापडला. गाडी खाली उतरली, तर मागची दारं लागेनात. ‘बसतील हो हळूहळू,’ असं गिऱ्हाइकाला सांगून हा मोकळा. तो बिचारा दार दोरीने बांधून भाडी मारत होता. शेवटी माझ्याकडे आला. ‘ठिणगीबाई, प्रवासी हसतात हो.’

मी भर दुपारी, थोरल्याच्या सासऱ्यांदेखत, त्याच्याच हातून त्या पट्ट्या कापून घेतल्या. सासरे म्हणाले, ‘जाऊ द्या विहीणबाई, पोरगं आहे.’ मी म्हटलं, ‘चाळिशीचं पोरगं तुम्हीच घेऊन जा घरी.’ थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं.

कलम ४. वकीलबाई सांगतात, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. मला एवढंच हवं होतं. दुसरा साक्षीदार म्हणून मी थोरल्यालाच बोलावणार आहे. हा कागद सगळा त्याच्या हातात द्यावा, घाई करू नये. वाचला, तर तो सही करणार नाही. मग गॅरेज त्याचं, आणि माझ्यातर्फे शाबास म्हणावं. सही केली, तर गॅरेजही धाकटीचं. ती बँकेत आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही. तिने ते विकून टाकलं तरी माझी हरकत नाही. थोरला काय बोलला, ते वकीलबाईंनी खाली लिहावं. पुढे कोणी म्हणायला नको की आईने फसवलं.

ठिकाण: गॅरेजच्या मागची खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणार: (सही) ठिणगी
साक्षीदार पहिली: (सही) वकीलबाई
साक्षीदार दुसरा: (सही) थोरला मुलगा

वकिलांची नोंद: कागद दुसऱ्या साक्षीदाराच्या हातात दिला व सावकाश वाचावा असे सांगितले. त्यांनी आधी आईच्या पाठीमागची उशी नीट केली, मग माझ्याकडे पेन मागितले. म्हणाले, “आईचा कागद कसला तपासायचा? कुठे करू गं सही, आई?”

आईने बोटाने जागा दाखवली.