साइटेशनची भिशी

२ जुलै
डायरी लिहायला सुरुवात. खताच्या दुकानातून मिळालेली आहे, जानेवारीपासून कोरीच पडली होती. संशोधकाने रोजनिशी ठेवलीच पाहिजे.

आज प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. विद्यापीठाचं नवीन परिपत्रक आलंय. पीएच.डी.चा गाइड म्हणून राहायचं असेल तर डिसेंबरपर्यंत एच-इंडेक्स किमान तीन पाहिजे. नसेल तर मान्यता रद्द आणि विद्यार्थी दुसऱ्या गाइडकडे. तुमचा किती आहे, असं प्राचार्यांनी विचारलं. बघून सांगतो म्हणालो. बघायची गरज नव्हती. एक आहे.

घाबरलेलो नाही. छातीत धडधडतंय ते कँटीनच्या भज्यांमुळे.

३ जुलै
सरोजिनीला एच-इंडेक्स समजावून सांगितला. तीन म्हणजे आपले निदान तीन पेपर असे हवेत, की त्यातल्या प्रत्येकाचा उल्लेख निदान तीन पेपरांत झालेला असेल. अशा उल्लेखाला साइटेशन म्हणतात. ती पोळी उलटत म्हणाली, म्हणजे लोकांनी तुमचं नाव काढलं पाहिजे. व्हय म्हणालो. मग आतापर्यंत किती जणांनी काढलं, असं तिने विचारलं. एकाने. कोणी? मी भाजीला मीठ कमी आहे का ते बघायला लागलो.

(तो एक मीच. २०१९ साली.)

४ जुलै
प्रश्न माझा नाहीच. प्रश्न निलमचा आहे. निलम राठोड, माझी एकुलती एक पीएच.डी. विद्यार्थिनी. पुसेगावजवळच्या तांड्यावरची. वडील भावसिंग हळद लावतात आणि पोरगी त्याच हळदीच्या कंदकुजीवर संशोधन करते. शेवटचं वर्ष आहे. ऐन वेळी गाइड बदलला तर लेकराचं काय होणार? माझ्या घराच्या पाटीवर 'रिसर्च गाइड' असं रंगवलेलं आहे, ते खोडावं लागेल ही गोष्ट वेगळी.

संकल्प: रोज पहाटे उठून एक पान लिहायचं. खरं संशोधन, जुन्या पद्धतीने.

५ जुलै
आठ वाजता उठलो. उद्यापासून.

१२ जुलै
सरोजिनीची भिशी आज आमच्याकडे होती. हॉलमध्ये बायका, मी स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यापाशी. लक्ष्मीबाईंनी चिठ्ठी उचलली, नर्मदाबाईंचं नाव निघालं, टाळ्या. चहा उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं. सगळ्यांनी दर महिन्याला थोडं थोडं द्यायचं आणि एकेकाला एकदम मिळायचं. ट्यूब पेटली!

१५ जुलै
जिमखान्यात मीटिंग घेतली. सहा जण. क्रीडा संचालक गोपीचंद सर, कॉमर्सचे पुनमचंद सर, इतिहासवाले, मराठीवाले, ग्रंथपाल आणि मी, बॉटनी. प्रमोशनसाठी साइटेशन सगळ्यांनाच हवीत. नियम सोपे. दर तीन आठवड्यांनी एक चिठ्ठी. ज्याची भिशी लागेल त्याचे तीन पेपर बाकीच्या पाच जणांनी आपापल्या नव्या पेपरात साइट करायचे. छापायला पैसे भरले की आठवड्यात छापणारं ते जर्नल आहेच. एका फेरीत माणूस शून्यावरून तीनवर.

हे कायद्यात बसतं का, असं पुनमचंदनी विचारलं. याला शैक्षणिक सहकार्य म्हणतात, मी ठणकावून सांगितलं. घरी येताना मागून स्कूटरचा हॉर्न वाजला तर रस्त्याच्या कडेला उभाच राहिलो. दूधवाला होता.

१६ जुलै
चिठ्ठ्या काढण्याआधीच जाहीर केलं की माझा नंबर शेवटचा. आयोजकानेच पहिली भिशी उचलली तर लोकांना शंका येते. पाच जणांचं सुरळीत पार पडलं, कोणाला काही झालं नाही, असं दिसलं की मग आपण. याला भीती नाही, दूरदृष्टी म्हणतात.

सरोजिनी म्हणाली, अहो, भिशी चालवणाऱ्याने पहिला नंबर घ्यायचा असतो. एकदा उचललेलं माणूस नंतर फोनसुद्धा उचलत नाही. मी म्हणालो, तुमच्या गल्लीतल्या बायका आणि आम्ही प्राध्यापक यांत फरक आहे. ती हसली नाही, पण हसल्यासारखी वाटली.

२९ जुलै
पहिली चिठ्ठी गोपीचंद. त्याचे तीनही पेपर कबड्डीवर. माझा पेपर हळदीवरच्या बुरशीचा. दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी लिहिलं: 'बुरशीने कंदाला एकदा विळखा घातला की सुटका अवघड असते; पकडीच्या स्वरूपाबाबत सविस्तर विवेचनासाठी पाहा, गोपीचंद.' पुढचे दोन असेच बसवले. वाचायला बरं वाटतं. आंतरविद्याशाखीय झालं.

१४ ऑगस्ट
विद्यापीठाचा ईमेल. विषय: अत्यंत तातडीचे. उघडला नाही. फोन उशीखाली ठेवून आडवा झालो. सरोजिनीने सरबत करून दिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. ॲसिडिटी म्हणालो.

१६ ऑगस्ट
उघडला. झेंडावंदनाचे फोटो अपलोड करा, एवढंच होतं. मुदत काल संपली.

२५ ऑगस्ट
निलम नवीन पेपर घेऊन आली. मागच्या हंगामात वडिलांच्या रानात घेतलेल्या चाचणीवर आहे. चांगल्या, परदेशी जर्नलला पाठवायचं म्हणते. लेखकांत पहिलं नाव तिचं, दुसरं गाइड म्हणून माझं. सर, तुमी एकदा वाचून घ्या की, त्यात जरा वेगळं निघालंय, असं ती म्हणाली. टेबलावर माझा इतिहासवाल्यांसाठीचा पेपर अर्धवट पडला होता. हळदीत औंढ्याच्या शिलालेखाचा उल्लेख कुठे घालायचा हे सुचत नव्हतं. मी म्हणालो, वेगळं निघालं तर उत्तमच, संशोधन म्हणतात ते यालाच. फक्त माझा २०१६ चा ताकाचा पेपर साइट कर. नक्की का सर, ती म्हणाली. नक्की म्हणजे नक्की, म्हणालो आणि संमतीपत्रावर सही केली.

(ताकाचा पेपर: आंबट ताकाच्या फवारणीने हळदीची कंदकूज आटोक्यात येते. कुंडीत केलेला प्रयोग. माझा सर्वोत्तम.)

९ सप्टेंबर
पेपरात बातमी. कुठल्याशा विद्यापीठाने एकमेकांना साइट करणाऱ्या टोळ्या शोधायला सॉफ्टवेअर आणलंय. 'टोळ्या' हा शब्द मला आवडला नाही. कात्रण कापून पाकिटात ठेवलं. मग पाकिटात सापडेल म्हणून फाडून टाकलं. मग फाडलेलं का फाडलं असं कोणी विचारेल म्हणून तुकडे खिशात घातले.

२० सप्टेंबर
गोपीचंद तीनवर पोचला. स्टाफरूममध्ये पेढे. पुनमचंदही तीन. दोघं आपापलं साइटेशन मोजणारं प्रोफाइल फोनवर उघडून एकमेकांना दाखवत होते. माझी पाठ थोपटली. एकच पेढा खाल्ला.

१० ऑक्टोबर
हिंगोलीच्या बसस्टँडवर भावसिंग भेटले. वसमतला हळदीच्या बाजारात निघाले होते. म्हणाले, सर, काहून असे वाळून राहिले? तकलीफ हाय का काही? मी म्हणालो, संशोधनाचा ताण. ताकाची फवारणी करता ना, म्हणून विचारलं. ते जरा घोटाळले. ताकाचं तुमाला निलमच बराबर सांगंल, म्हणाले आणि बसमध्ये चढले. शेतकऱ्यांमध्ये आपल्या कामाबद्दल आदर आहे हे बघून बरं वाटलं.

५ नोव्हेंबर
ग्रंथपालांची फेरी संपली. पाचही जण तीनवर. कोणालाही पोलिसांनी नेलेलं नाही. आता माझा नंबर. चिठ्ठी काढायचीसुद्धा गरज नाही. भिशीच्या 'सहकार्य' ग्रुपवर माझ्या तीन पेपरांची नावं टाकली आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं.

१२ नोव्हेंबर
पाचही जणांनी अंगठा दाखवलाय. पेपर कोणाचाच नाही. गोपीचंदची जिल्हास्तर स्पर्धा आहे. पुनमचंदकडे ऑडिट. इतिहासवाल्यांच्या घरी लग्न. मराठीवाले म्हणाले, माझ्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत बॉटनी कुठे घालू? ग्रंथपाल फोन उचलत नाहीत.

सरोजिनी तिच्या भिशीची वही लिहीत बसली होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर
ग्रुप आता 'सहकार्य' नावाचा नसून 'शुभ सकाळ' नावाचा झालाय. मला न विचारता बदलला. पेपर अजून एकही नाही. भीती वाटते. खरंच वाटते. भजी खाऊन महिना झाला, तेव्हा भज्यांवर ढकलता येत नाही.

२७ नोव्हेंबर
आनंद! प्रोफाइलवर एक नवीन साइटेशन. निलमचा पेपर त्या परदेशी जर्नलमध्ये छापून आला आणि त्यात माझा ताकाचा पेपर आहे. खरं, बाहेरचं, मोठ्या जर्नलमधलं. पोरीने सांगितलेलं ऐकलं. गोपीचंदला मुद्दाम दाखवलं. तो म्हणाला, वाचला का? मी म्हणालो, साइटेशन मोजायचं असतं, वाचायचं नसतं.

२ डिसेंबर
विद्यापीठाचं पत्र. गाइड मान्यतेसाठी समितीपुढे हजर राहा, मंगळवारी, नांदेड. निलमलाही बोलावलंय. प्रोफाइल पुन्हा पाहिलं. एच-इंडेक्स अजून एकच. पण समितीत माणसंच असतात आणि माणसांना समजावता येतं. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

९ डिसेंबर, नांदेडहून परत
बसमध्ये निलम खिडकीपाशी, मी पलीकडे. जाताना मीच बोलत होतो. येताना कोणीच नाही.

समितीत तीन जण. मधल्या मॅडमनी भिंतीवर एक चित्र लावलं. ठिपके आणि बाण. सहा ठिपके आमच्या कॉलेजचे. मधोमध सर्वांत मोठा ठिपका, त्यावर माझं नाव. क्षणभर छाती भरून आली. वाटलं, शेवटी कोणीतरी दखल घेतली.

मग मॅडमनी समजावलं. बाण म्हणजे कोणी कोणाला साइट केलं ते. माझ्या ठिपक्यातून सगळ्यांकडे बाण गेलेत, म्हणून तो मोठा. पाचही जणांची ती साइटेशन रद्द होणार. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, सर, एक कळलं नाही. तुम्ही सगळ्यांना दिलं आणि तुम्हाला कोणीच दिलं नाही, हे कसं? बाजूचे सर खोकल्यासारखे हसले. भिशी उचललेली माणसं परत येत नाहीत, हे मी त्यांना सांगू शकलो नाही.

मी म्हणालो, एक आहे. मोठ्या जर्नलमधलं.

मॅडमनी निलमचा पेपर उघडला आणि ते वाक्य वाचलं. कुंडीतल्या प्रयोगात ताकाचा परिणाम दिसल्याची नोंद आहे. प्रत्यक्ष रानात मात्र ताक फवारलेल्या वाफ्यांत कंदकूज कमी न होता वाढली. मग मॅडमनी लेखकांची नावं वाचली. दुसरं नाव माझं. म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेलं साइटेशन. ती सगळी धरत नाहीत. २०१९ चंही गेलं.

मग बाजूच्या सरांनी विचारलं, दोन्ही पेपरांवर तुमचं नाव आहे. खरा कोणता? निलम खाली बघत होती. ताकाचा खरा म्हटलं तर निलमची चार वर्षं पाण्यात. निलमचा खरा म्हटलं तर माझ्याकडे काहीच उरत नाही. आणि मी तिचा पेपर वाचलेलाच नव्हता.

निलमचा खरा आहे, म्हणालो.

बसमध्ये वसमत गेल्यावर ती म्हणाली, सर, मी तुमाला वाचायला सांगून राहिले होते. मी मान हलवली. मग म्हणाली, तुमीच म्हणले, पेपर साइट कर. म्हणून केला, न्हाई तर तुमचा ताकाचा पेपर मी टाळणारच होते.

१६ डिसेंबर
मान्यता रद्द. निलम नांदेडच्या मॅडमकडे जाणार. त्याच मधल्या मॅडम. त्यांनीच तिला घ्यायचं ठरवलं. गाइड बदलाच्या अर्जावर माझी सही हवी म्हणून निलम घरी आली होती. या वेळी सही करण्याआधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ती म्हणाली, सर, एवढंसं तर हाय. तरी वाचलं. मग तिचा पेपरही मागून घेतला आणि तोही वाचला. चांगला आहे. खूप चांगला आहे. हे तिला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चहा टाकायला आत गेलो.

भावसिंगांनी तिच्याबरोबर हळदीचा डबा पाठवलाय. ताक न फवारलेल्या वाफ्यांतली आहे, असा निरोप आहे.

१७ डिसेंबर
पेंटरला बोलावून पाटीवरचं 'रिसर्च गाइड' खोडायला सांगितलं. सरोजिनी म्हणाली, खोडू नका, वर नुसता रंग द्या.

एच-इंडेक्स शून्य. गोपीचंद म्हणाला, आता कसली भीती, शून्याच्या खाली जात नाही. बरोबर आहे त्याचं. तरी सकाळी प्रोफाइल उघडून एकदा बघून घेतलं.